हर्णै

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील मासेमारीचे बंदर व गाव. ‘हर्णे’ असेही लिहितात. दापोलीपासून रस्त्याने सु. १६ किमी. उत्तरेस आंजर्ले, दक्षिणेस मुरूड. लगतची पाजपंढरी ही कोळ्यांची वस्ती. समोर समुद्रात, काठापासून एक किलोमीटरच्याही आत, सुवर्णदुर्गाचे बेट आहे. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा असे तीन उपदुर्ग असून त्यांपैकी गोवा किल्ल्याची तटबंदी त्यातल्या त्यात शाबूत आहे. कनकदुर्गावर दीपगृह आहे, तर फत्तेगड कोळ्यांच्या घरांनी जवळजवळ गिळला आहे.

सुवर्णदुर्ग कोणी बांधला, याविषयी एकमत नाही. तो सोळाव्या शतकात विजापूरकरांनी बांधला आणि शिवाजी महाराजांनी सु. १६६० मध्ये घेऊन मजबूत केला, हे मत जुन्या इंग्रजी साधनांतून रूढ झाले; किल्ला मुळातच शिवकालीन असल्याचे दुसरे मत आहे. दुसऱ्या मताचे अभ्यासक महादरवाजाकडे बोट दाखवतात : बुरुजांच्या वळणाआड तो दुरून दिसत नाही, पायरीवर कासव आणि भिंतीवर मारुती कोरलेला आहे. परंतु शिल्पे मागाहून बसवता येतात, त्यामुळे केवळ त्यांवरून काळ ठरवणे धोक्याचे. तटाचा खालचा भाग ठिकठिकाणी बेटाचाच कातळ तासून काढला आहे व त्यावर मोठे चिरे रचले आहेत. हे सारे काम एकाच काळातले असेलच असे नाही. मूळ ठाणे आदिलशाही आणि आजचा दरवाजा मराठ्यांचा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

कान्होजी आंग्रे यांच्या उदयाशी परंपरा या किल्ल्याचा संबंध जोडते. किल्लेदार सिद्दीला फितूर झाल्यावर कान्होजींनी तो वाचवला, ही कथा तपशिलांत बखरीगणिक बदलते. एप्रिल १७५५ मध्ये पेशवे व इंग्रज यांनी मिळून कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध मोहीम काढली. कमोडोर विल्यम जेम्सच्या तोफांच्या माऱ्याने आतील दारूगोळ्याला आग लागली आणि किल्ला पडला. पुढे तो पेशव्यांकडे आला. जेम्सच्या पत्नीने १७८४ मध्ये लंडनजवळ शूटर्स हिलवर पतीच्या स्मरणार्थ बांधलेला मनोरा आजही ‘सेव्हर्नड्रूग’ या नावाने उभा आहे. ‘सुवर्णदुर्ग’ नावाचा हा इंग्रजी अपभ्रंश. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांपुढून निघालेला दुसरा बाजीराव वसईला जाण्यापूर्वी सुवर्णदुर्गाच्या आश्रयाला आला होता. १८१८ नंतर किल्ल्याचे लष्करी महत्त्व संपले.

बंदरातला लिलाव प्रसिद्ध आहे. होड्या काठापासून दूर नांगरतात. मासळी छोट्या होड्यांतून, तसेच पाण्यात घातलेल्या बैलगाड्यांतून काठाला आणण्याची येथील रीत आहे. संध्याकाळी ओल्या वाळूवर पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी यांचे वाटे पडतात आणि भोवती कोंडाळे करून बोली चालते. मोठा माल बर्फात घालून बाहेर जातो. राज्याची पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते. त्या काळात होड्या काठावर ओढलेल्या दिसतात.

सुवर्णदुर्गाला जाण्यासाठी हर्णैहूनच होडी ठरवावी लागते आणि वेळ भरती-ओहोटी पाहून ठरते. बेटावर धक्का नसल्याने बहुधा गुडघाभर पाण्यात उतरावे लागते. आत वस्ती नाही. तलाव, विहिरी व इमारतींची जोती झुडपांत शोधावी लागतात. पश्चिमेकडे समुद्राच्या बाजूस एक चोरदरवाजा आहे.