पसंतीचा आकडा नेमके काय मोजतो?

एखाद्या चित्रफितीखाली दहा लाख पसंतीखुणा दिसल्या की तिच्यात काहीतरी विशेष असणार, असे आपण ती पाहण्याआधीच मानून बसतो. या समजुतीची परीक्षा प्रयोगाने घेता येते, आणि तशी परीक्षा घेणारा एक अतिशय देखणा प्रयोग समाजमाध्यमे घरोघरी पोहोचण्यापूर्वीच झाला आहे.

मॅथ्यू सालगॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी त्याचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी अपरिचित वाद्यवृंदांची 48 गाणी इंटरनेटवर ठेवली. ती ऐकून हवी ती डाउनलोड करण्याची मुभा असलेले 14,341 श्रोते प्रयोगात सहभागी झाले. काहींना केवळ गाण्यांची नावे दिसत. त्यांची निवड फक्त स्वतःच्या कानांवर अवलंबून असल्यामुळे तिला गुणवत्तेचे माप मानण्यात आले. इतरांना आठ वेगवेगळ्या ‘जगां’त वाटण्यात आले; प्रत्येक जगाची मोजणी शून्यापासून सुरू झाली, आणि आपल्या जगातल्या आधीच्या श्रोत्यांनी कोणते गाणे किती वेळा घेतले, हे प्रत्येकाला दिसत राहिले. लोकप्रियता निव्वळ गुणांवर ठरत असती, तर आठही जगांत गाण्यांचा क्रम जवळपास सारखाच लागला असता. प्रत्यक्षात, स्वतंत्र श्रोत्यांच्या पसंतीत 26व्या क्रमांकावर असलेले एक गाणे एका जगात पहिले आले आणि दुसऱ्यात 40वे. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी सुमार गाणी क्वचितच वर आली. मधल्या गाण्यांच्या बाबतीत मात्र काहीही घडू शकत होते. शिवाय गाणी डाउनलोडच्या उतरत्या क्रमाने मांडली, तेव्हा वरची आणि खालची गाणी यांच्यातली दरी आणखी रुंदावली. आज आपल्या पडद्यावरची बहुतेक यादी अशाच प्रकारे लावलेली असते, म्हणून हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

तापमापीने ताप मोजला म्हणून ताप वाढत नाही. पसंतीचा आकडा मात्र ज्याला दिसतो त्याच्या निर्णयात शिरतो आणि स्वतःच पुढच्या आकड्याचे कारण बनतो. लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी 2013 मध्ये हे थेट दाखवून दिले. बातम्यांवर चर्चा चालणाऱ्या एका संकेतस्थळावर त्यांनी काही प्रतिक्रियांना, त्यातला मजकूर न पाहता, सुरुवातीलाच एक अनुकूल मत देऊन ठेवले. त्या एका कृत्रिम मतामुळे त्या प्रतिक्रियांची अंतिम गुणसंख्या सरासरी 25 टक्क्यांनी वाढली. सुरुवातीला प्रतिकूल मत दिलेल्या प्रतिक्रियांना मात्र वाचकांनी सावरून घेतले. याचा अर्थ, फुगवटा टिकतो आणि अन्याय काही प्रमाणात दुरुस्त होतो. म्हणूनच फुगलेल्या आकड्याबद्दल अधिक सावध राहायला हवे.

तरीही लोकप्रियतेचा कर्तृत्वाशी काहीच संबंध नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. बुर्जू युजेसॉय आणि अल्बर्ट-लास्लो बाराबाशी यांनी 2016 मध्ये व्यावसायिक टेनिसपटूंचा अभ्यास केला, तेव्हा विकिपीडियावरील त्यांच्या पानांना मिळणाऱ्या भेटी मैदानावरील कामगिरीवरून बऱ्याच अचूकपणे सांगता आल्या. टेनिसमध्ये कोण जिंकले, यावर मतभेद होत नाही. गुण मोजणे जिथे अवघड असते, तिथे मात्र गर्दीचा आकडाच गुणाच्या जागी बसतो.

विज्ञानक्षेत्रातही हे घडते का, याची चाचपणी जनुकशास्त्रज्ञ नील हॉल यांनी 2014 मध्ये केली. शास्त्रज्ञाच्या ट्विटरवरील अनुयायांची संख्या आणि त्याच्या शोधनिबंधांचे इतर संशोधकांनी दिलेले संदर्भ यांची तुलना करणारा एक निर्देशांक त्यांनी काहीशा विनोदी अंगाने सुचवला. माझ्या मते तो अपुरा आहे, कारण संदर्भसंख्या हीसुद्धा तज्ज्ञांच्या वर्तुळातली लोकप्रियताच असते, आणि विज्ञान सोपे करून लोकांपर्यंत नेणे हेही कर्तृत्वच आहे.

शिवाय कोणत्याही आकड्यात काळाचे भान नसते. कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी 2005 मध्ये दाखवले की, आरएनए या, पेशीला प्रथिने बनवण्याची सूचना नेणाऱ्या रेणूच्या घटकांत ठरावीक बदल केला, तर शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यावर तुटून पडत नाही. त्या निबंधाची तेव्हा फारशी चर्चा झाली नाही. 2020 च्या अखेरीस याच बदलावर आधारलेल्या कोरोनाप्रतिबंधक लशी लोकांना मिळू लागल्या, आणि 2023 मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले.