तास, एमबी आणि एमबीपीएस : घरातल्या इंटरनेटच्या बिलामागचा इतिहास

फायबरच्या बिलावर आज एकच आकडा ठळक असतो : वेग. ५०, १००, ३०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट). महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा बारीक अक्षरात लिहिलेली असते, पण बहुतेक घरं तिच्या जवळपासही पोहोचत नाहीत. भारतातल्या ग्राहकाला हे सुख उशिरा मिळालं. आधी तासांचे पैसे होते, मग एमबीचे, मग मोबाइलवर रोजच्या जीबीचे. लोकांनी इंटरनेट कसं वापरलं हे यंत्रांपेक्षा या मापांनीच जास्त ठरवलं, म्हणून ही पार्श्वभूमी बिलाच्या बाजूनं मांडली आहे.

शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठीचं ‘अर्नेट’ १९८६पासून होतं. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ला सेवा सुरू केली. चित्रं दिसणारं, म्हणजे टीसीपी-आयपी खातं घ्यायचं तर वर्षाला २५० तासांचे १५,००० रुपये. तासाला ६० रुपये झाले, तेही ९.६ केबीपीएसवर. त्याहून स्वस्त ‘शेल’ खात्यात फक्त अक्षरं दिसत. शिवाय मीटर दोन चालत : एक निगमचं तासांचं, दुसरं टेलिफोन एक्स्चेंजचं पल्सचं, म्हणजे कॉलच्या आकारणीच्या एककाचं. स्थानिक कॉलची पल्स ३ मिनिटांची आणि दर १ रुपया २० पैसे धरला, तर तासाला आणखी २४ रुपये. पुढे ५६ के (सेकंदाला ५६ किलोबिट) मोडेम आले तरी प्रत्यक्षात सेकंदाला ४-५ केबी (किलोबाइट)च उतरत. चार एमबीचं गाणं पंधरा मिनिटांचं, म्हणजे पाच पल्सचं. म्हणून लोक मेल आधी लिहून ठेवत, जोडणी करत, पाठवत, आलेले मेल उतरवून घेत, लाइन तोडत आणि मग निवांत वाचत.

या काळातले बिघाड आता विसरले गेले आहेत. जुन्या एक्स्चेंजच्या भागात मोडेमला ‘टोन’ऐवजी ‘पल्स’ डायलिंग सांगावं लागे, नाहीतर मोडेम नंबर फिरवी आणि डायल टोन तसाच वाजत राही. कॉल वेटिंग चालू असेल तर मधल्या ‘बीप’नं जोडणी तुटे. आतल्या खोलीत कुणी समांतर फोन उचलला तरी तेच. आणि ५६ के हा आकडा मिळायचा तर सेवादात्यापासून आपल्या एक्स्चेंजपर्यंतचा सगळा मार्ग डिजिटल हवा, अॅनालॉग फक्त शेवटची तांब्याची तार. १९८४मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेनं देशी डिजिटल एक्स्चेंज गावोगाव पोहोचवली नसती, तर हे मोडेम महानगरांबाहेर निम्म्या वेगावरच अडकले असते.

नोव्हेंबर १९९८मध्ये खासगी सेवादात्यांना परवानगी मिळाली. सत्यम ऑनलाइनसारख्या कंपन्या तासांची पाकिटं दुकानातून विकू लागल्या आणि दर कोसळले. माप मात्र तासाचंच राहिलं. सायबर कॅफेच्या गल्ल्यावरही तेच माप होतं.

मापात खरी उलथापालथ झाली ती १४ ऑक्टोबर २००४च्या ब्रॉडबँड धोरणानं. ‘ब्रॉडबँड’ म्हणजे किमान २५६ केबीपीएस आणि कायम चालू, अशी व्याख्या झाली; २०१०पर्यंत दोन कोटी जोडण्यांचं लक्ष्य ठरलं. प्रत्यक्षात २०१०च्या अखेरीस आकडा १.१ कोटीच्या आसपास होता. निम्म्यावर का अडकलं याचं उत्तर धोरणात नसलेल्या कलमात आहे. नियामक ट्रायनं शिफारस केली होती, की बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या तांब्याच्या तारा इतर कंपन्यांनाही भाड्यानं वापरू द्याव्यात. सरकारनं ती बंधनकारक केली नाही. घराघरांत पोहोचलेली तार दोन सरकारी कंपन्यांच्याच हाती राहिली, बाकीच्यांना स्वतःची तार ओढणं भाग पडलं. पुढच्या दहा वर्षांतला बराच गोंधळ इथून सुरू होतो.

जानेवारी २००५मध्ये बीएसएनएलचं ‘डेटावन’ आलं, मुंबई-दिल्लीत एमटीएनएलचं ‘ट्रायबँड’. तंत्र एडीएसएल : त्याच तारेवर खाली आवाज, वरच्या फ्रिक्वेन्सीवर डेटा. घरात येणारी तार आधी स्प्लिटरला, तिथून एक फाटा फोनला, दुसरा मोडेमला. समांतर फोन, फॅक्स, कॉलर आयडीचा डबा, यातलं काहीही स्प्लिटरच्या अलीकडे थेट जोडलेलं असेल तर त्याला वेगळा फिल्टर लागे. तो नसला की घंटी वाजताच नेट जाई. ‘फोन आला की इंटरनेट बंद पडतं’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा एक्स्चेंजमध्ये नसून दिवाणखान्यातल्या त्या एका सॉकेटमध्ये असे. मोडेमच्या सेटिंगमध्ये डेटावनसाठी व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५, म्हणजे एक्स्चेंजकडे कोणत्या मार्गानं जायचं ते सांगणारे आकडे. मोडेम रीसेट झाला आणि हे आकडे पुसले गेले तर डीएसएलचा दिवा स्थिर दिसे, पण पान उघडत नसे.

एडीएसएलचा वेग अंतराला विकलेला असतो. एक्स्चेंजपासून तारेची लांबी तीन-चार किलोमीटरच्या पुढे गेली, की एडीएसएल२+ या पुढच्या आवृत्तीचे कागदावरचे २४ एमबीपीएस विसरायचे. मोडेमच्या पानावर दोन आकडे पाहायचे. डाउनस्ट्रीम अॅटेन्युएशन (तारेत होणारी सिग्नलची घट) ५५ डीबीच्या पुढे असेल तर तार लांब आहे, फारसा इलाज नाही. एसएनआर मार्जिन (गोंगाटावर सिग्नलची शिल्लक आघाडी) ६ डीबीच्या खाली जात असेल तर मात्र तारेत दोष आहे आणि तो सापडू शकतो. पावसाळ्यात तो हमखास उगवे. डीपी बॉक्सचं (घराजवळच्या तारा वाटणाऱ्या पेटीचं) झाकण तुटलेलं, रस्त्याकडेच्या पिलरमध्ये (तारांच्या मोठ्या पेटीत) पाणी, पिळून नुसती टेप मारलेला जोड, त्यावर चढलेला हिरवा गंज. अशा जोडातून आवाज खरखरत का होईना जातो, डेटा जात नाही. त्यामुळे लाइनमन फोन लावून बघे, डायल टोन येई आणि तक्रार ‘लाइन ठीक’ म्हणून बंद होई. ग्राहक आणि लाइनमन दोघंही खरं बोलत असत.

आता माप एमबीचं झालं. १ जीबी मर्यादेच्या योजनेत २५६ केबीपीएसवर सतत उतरवत राहिलं तर मर्यादा नऊ तासांत संपे. जानेवारी २००७पासून बीएसएनएलनं वेग २ एमबीपीएसपर्यंत नेला. मर्यादा जिथे तशीच राहिली तिथे तोच १ जीबी सव्वा तासाच्या आत संपू लागला, आणि पुढच्या प्रत्येक एमबीला पैसे. वेग आठपट झाला म्हणून खूश झालेल्या घरात महिन्याच्या शेवटी हजारोंचं बिल येई, ते याच गणितानं. वर चढवलेला डेटाही मोजला जाई, त्यामुळे टॉरेंट, म्हणजे उतरवता उतरवता इतरांनाही चढवणारं डाउनलोड, चालू ठेवून झोपलेल्याला दुहेरी फटका. एमबी म्हणजे मेगाबाइट आणि एमबीपीएसमधला बी म्हणजे बिट, यात आठपटीचा फरक आहे, हा धडा अनेकांनी शाळेत नाही, बिलावर गिरवला.

यावरचा उतारा म्हणजे रात्री २ ते सकाळी ८ मोफत असलेल्या योजना. सहा तासांत २ एमबीपीएसवर सव्वापाच जीबीपर्यंत उतरवता येई. पण बिलाचं घड्याळ कंपनीच्या सर्व्हरचं, आपल्या संगणकाचं नाही. म्हणून जाणकार २ वाजून ५-१० मिनिटांनी जोडणी करायला आणि ७.५०ला तोडायला सांगत. ८ ओलांडून चालू राहिलेल्या जोडणीचा हिशेब मोफतमध्ये धरला जाईल याची खात्री नसे. डाउनलोड मॅनेजर लोकप्रिय झाला तो वेगासाठी नव्हे, या वेळापत्रकासाठी.

तार न मिळालेल्यांनी काय केलं? मुंबई, ठाणे, पुण्याच्या सोसायट्यांमध्ये उत्तर केबलवाल्यानं दिलं. काही मोठ्या कंपन्यांनी टीव्हीच्या कोअॅक्सियल केबलवर केबल मोडेम दिले, पण गल्लीतला सर्वसाधारण नमुना वेगळा होता : गच्चीवर स्विच, तिथून खिडकीतून थेट घरात इथरनेटची कॅट-५ तार. या तारेची हद्द १०० मीटर. तेवढ्यात पुढची गच्ची गाठायची, तिथे दुसरा स्विच, त्याला शेजारच्या कुणाच्या तरी मीटरवरून वीज. त्या इमारतीची वीज गेली की पुढची साखळी आंधळी. वळवाच्या विजांनी तर एका संध्याकाळी ओळीनं स्विच जळत, सोबत ग्राहकाच्या संगणकाचं लॅन कार्डही, कारण गच्च्या तांब्यानंच जोडलेल्या होत्या. खात्यावर एकाच संगणकाचा मॅक पत्ता (लॅन कार्डाचा स्वतःचा क्रमांक) नोंदवलेला. राउटर लावायचा तर त्यात तोच पत्ता ‘क्लोन’ करावा लागे. तरीही हा केबलवाला टिकला. ‘अनलिमिटेड’ हा शब्द मध्यमवर्गाच्या तोंडी आणण्यात त्याचा मोठा वाटा आहे, आणि तक्रार केली की तो स्वतः गच्चीवर चढे.

दरम्यान मोबाइलनं सगळं चित्र फिरवलं. २०१०च्या लिलावात थ्रीजी स्पेक्ट्रमसाठी कंपन्यांनी सुमारे ६७,७०० कोटी रुपये मोजले. एवढी रक्कम गुंतल्यावर डेटा स्वस्त होणार नव्हता, आणि झाला नाही. फोरजी एप्रिल २०१२मध्ये कोलकात्यात सुरू झालं खरं, पण भाव बदलले ते ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आल्यावर. आधी ३१ डिसेंबरपर्यंत, मग ३१ मार्च २०१७पर्यंत फुकट, आणि त्यानंतर ‘रोज १ जीबी’. महिन्याचा कोटा जपून वापरावा लागे. रोजचा कोटा मध्यरात्री नवा होतो आणि न वापरलेला वाया जातो. त्यामुळे काटकसरीची सवय उलटी झाली : संपवा, नाहीतर गेला. संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर. निरोप जातात, व्हिडिओ अडतो. डायल-अपच्या बरोबरीचा हा वेग आजच्या पानांना पुरत नाही, कारण पानंच जड झाली आहेत.

मोबाइलच्या मापात आणखी एक मेख होती : २८ दिवस. ३६५ला २८नं भागलं की वर्षाला १३ रिचार्ज होतात, १२ नाही. जानेवारी २०२२मध्ये ट्रायनं प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांची आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारी योजना ठेवायला सांगितलं. त्या योजना आहेत, पण दुकानदार स्वतःहून क्वचित दाखवतो. नावानं मागाव्या लागतात.

मोबाइल एवढा स्वस्त झाल्यावर घरातली तार मरेल असं वाटत होतं. टाळेबंदीनं तसं होऊ दिलं नाही. तारेवरच्या ब्रॉडबँड जोडण्या मार्च २०२०मध्ये सुमारे १.९ कोटी होत्या, त्या चार वर्षांत सुमारे ४ कोटी झाल्या. ही तार आता तांब्याची नव्हती.

घरच्या फायबरमध्ये सहसा जीपॉन, म्हणजे एकाच फायबरवर अनेक घरं चालवणारं तंत्र असतं : कंपनीच्या एका पोर्टवर खाली २.५ आणि वर १.२५ जीबीपीएस, ते ३२ किंवा ६४ घरांत विभागलेलं. विभागणी करणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही, हे मोठं सुख. गच्चीवरचा जळका स्विच इतिहासजमा झाला. किंमत प्रकाशात मोजावी लागते. ३२ घरांच्या स्प्लिटरमध्ये सुमारे १७ डीबी जातात, पुढे किलोमीटर आणि जोडांचे थोडे. घरातल्या डब्यावर, म्हणजे ओएनटीवर, −१५ ते −२४ डीबीएम (पोहोचलेल्या प्रकाशाचं माप) दिसलं तर ठीक. −२७च्या आसपास पोहोचलं की जोडणी अधूनमधून पडते. लाल ‘एलओएस’ दिवा म्हणजे प्रकाशच नाही. अशा वेळी आधी घरातच बघावं : कपाटामागे दाबलेली, खिळ्याभोवती काटकोनात वळवलेली पिवळी तार, किंवा साफसफाईत निखळलेला हिरवा-निळा कनेक्टर. त्याचं टोक बोटानं पुसू नये. आतला गाभा ९ मायक्रॉनचा आहे, बोटाचा तेलकटपणा त्याला भिंतीसारखा.

तांब्यासोबत दोन गोष्टी निमूट गेल्या. जुन्या फोनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट येत, त्यामुळे गावाची वीज गेली तरी फोन चाले. फायबरवरचा फोन ओएनटी बंद पडला की मुका होतो. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नये (अॅडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अॅम्पिअर लिहिलंय ते बघूनच घ्यावा). दुसरी, स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा इंटरनेटवरचा पत्ता. पत्ते अपुरे म्हणून अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. रोजच्या वापरात कळत नाही, पण दुकानातला कॅमेरा बाहेरून पाहण्यासाठी राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी उपयोग नसतो. मग जादा पैसे भरून स्थिर पत्ता घ्या, आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, मोठी पद्धत) वापरा, किंवा कॅमेऱ्याची क्लाउड सेवा.

खेड्यात चित्र अजून अर्धवट आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना ऑक्टोबर २०११मध्ये मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं बरंचसं काम महानेटच्या नावानं झालं. पंचायतीच्या कपाटापर्यंत तार आली, तरी तिथून वाडीवस्तीपर्यंतचे दोन किलोमीटर कोण ओढणार आणि रस्त्याच्या जेसीबीनं तोडल्यावर कोण जोडणार, हा प्रश्न वेगळाच राहतो. तो टाळण्यासाठी २०२३पासून फाइव्ह-जी वर चालणारी ‘एअरफायबर’ सेवा आली : छतावर अँटेना, घरात राउटर, मध्ये तार नाही. नावात फायबर असलं तरी ही रेडिओ सेवा आहे. टॉवरवरची गर्दी वाढली की संध्याकाळी वेग उतरतो. अँटेनाची दिशा आणि समोर वाढलेलं झाड यांनीही फरक पडतो.

आणि शहरात ३०० एमबीपीएसचे पैसे भरून ९४ मिळतात तेव्हा कंपनीला फोन लावण्याआधी राउटर आणि संगणक यांमधली लॅनची तार बघावी. आठपैकी चारच तारा धड असल्या किंवा राउटरचं पोर्ट जुनं असलं, की जोडणी १०० एमबीपीएसवर बांधली जाते आणि हातात ९४-९५ येतात. वायफायवर ३०-४० मिळत असतील तर फोन २.४ गिगाहर्ट्झवर बसलेला असतो. राउटरच्याच खोलीत ५ गिगाहर्ट्झवर मोजून बघावं. बिलावरचा आकडा ओएनटीपर्यंतचा आहे.