मिस वर्ल्ड स्पर्धा : राजकारण आणि मराठवाडा

मिस वर्ल्ड ही आंतरराष्ट्रीय सौंदर्यस्पर्धा १९५१ साली लंडनमध्ये, ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ महोत्सवाच्या निमित्ताने एरिक मॉर्ली यांनी सुरू केली. २००० मध्ये त्यांचे निधन झाले आणि कारभार पत्नी ज्युलिया मॉर्ली यांच्याकडे आला. यजमान कोण, पैसा कोणाचा आणि कोणती मुलगी कोणाच्या नावाने उभी राहते, यावरून ही स्पर्धा वारंवार राजकारणात ओढली गेली आहे. त्या राजकारणात स्पर्धक मुलीचे स्वतःचे म्हणणे सर्वांत शेवटी ऐकले जाते.

१९६६ मध्ये मुंबईची वैद्यकीय विद्यार्थिनी रीता फारिया हा किताब मिळवणारी पहिली भारतीय ठरली. त्यानंतर ती अमेरिकी विनोदवीर बॉब होप यांच्याबरोबर व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैनिकांसमोर गेली, तेव्हा भारतात तिच्यावर टीका झाली. १९७० मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये स्त्रीमुक्तीवादी तरुणींनी पिठाच्या पुड्या फेकून कार्यक्रम काही काळ बंद पाडला. त्याच वर्षी वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेने एक गोरी आणि एक कृष्णवर्णीय अशा दोन स्पर्धक पाठवल्या होत्या. मुकुट मात्र ग्रेनाडाच्या जेनिफर होस्टनला मिळाला. २००२ मध्ये नायजेरियात स्पर्धेवरून दंगली पेटल्या, दोनशेहून अधिक माणसे मेली आणि स्पर्धा लंडनला हलवावी लागली.

भारतातला पहिला मोठा वाद १९९६ चा, बंगळूरचा. अमिताभ बच्चन यांच्या एबीसीएल कंपनीने स्पर्धा भरवली. हिंदुत्ववादी संघटना संस्कृतीसाठी, डाव्या महिला संघटना बाईच्या बाजारीकरणाविरुद्ध, तर शेतकरी नेते नंजुंडस्वामी बहुराष्ट्रीय भांडवलाविरुद्ध उभे राहिले. मदुराईत एका तरुणाने निषेधार्थ स्वतःला जाळून घेतले. पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्सला न्यावी लागली.

याच दशकात मुकुटांची रांग लागली. १९९४ मध्ये सुष्मिता सेन मिस युनिव्हर्स आणि ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाली. पुढे मिस वर्ल्डचा किताब १९९७, १९९९ आणि २००० मध्येही भारतात आला. मराठवाड्यात मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात पोह्यांची बशी घेऊन आलेल्या मुलीची उंची, रंग, चाल पूर्वीपासून पाहिली जातच होती. बायोडाट्यात ‘वर्ण : गोरा’ आजही लिहितात. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदाही १९९४ चाच. तरीही २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली फक्त ८०७ निघाल्या. मुलींच्या पोशाखावर जेवढे बोलले जाते, तेवढे या आकड्यावर बोलले जात नाही. मराठवाड्याच्या दृष्टीने मोठा प्रश्न हाच आहे.

मे २०२५ मध्ये ७२वी स्पर्धा हैदराबादेत आली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हैदराबादच त्याची राजधानी. नांदेड, देगलूरकडची माणसे आजही मोठ्या दवाखान्यासाठी तिकडेच जातात. १० मे रोजी गच्चीबावलीत उद्घाटन झाले. शंभराहून अधिक स्पर्धकांना चारमिनार दाखवून चौमहल्ला राजवाड्यात मेजवानी दिली गेली. मुक्तिसंग्रामाच्या आठवणी जपणाऱ्या घरांत चौमहल्ला म्हणजे निजामाचा दरबार; तेलंगणच्या रेवंत रेड्डी यांच्या काँग्रेस सरकारला तो जगापुढे मांडायचे पर्यटनस्थळ वाटला.

खरी ठिणगी पडली ती तेलंगणातल्या प्राचीन रामप्पा मंदिरात. खुर्च्यांवर रांगेने बसलेल्या स्पर्धकांच्या पायांवर स्थानिक बायका पाणी ओतत होत्या, टॉवेलने पाय पुसत होत्या. देवळात जाण्याआधीची ही रीत, असा खुलासा झाला; राज्यातल्या विरोधी भारत राष्ट्र समितीने तो तेलंगणच्या स्त्रियांचा अपमान ठरवला. हा पक्ष मराठवाड्याला ओळखीचा: फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याची मोठी सभा नांदेडला झाली होती. पाय धुणेही इथे नवे नाही. पैठणहून पंढरपूरला निघालेल्या नाथांच्या पालखीतल्या वारकऱ्यांचे पाय लोक श्रद्धेने धुतात, लग्नात मुलीचे आईबाप जावयाचे धुतात. पण सरकारी कार्यक्रमात, कॅमेऱ्यांसमोर, परदेशी पाहुणीच्या पायाशी बाईला बसवले की ती यजमान राहत नाही. इथे आक्षेप रास्त होता.

खर्चावरूनही जुंपली. भारत राष्ट्र समितीच्या आधीच्या सरकारने हैदराबादेत भरवलेल्या फॉर्म्युला ई या विजेवरच्या मोटारींच्या शर्यतीच्या खर्चावरून त्या पक्षाचे नेते के. टी. रामाराव यांच्यावर गुन्हा दाखल झाला होता. मग मिस वर्ल्डवरचा सरकारी पैसा कसा चालतो, असा त्यांचा सवाल होता.

मिस इंग्लंड मिला मॅगी स्पर्धा अर्धवट सोडून परतली. श्रीमंत प्रायोजकांची करमणूक करायला बसवले, असे तिने ब्रिटिश वृत्तपत्राला सांगितले. आयोजकांनी आरोप फेटाळले, राज्य सरकारने चौकशी लावली, आणि दोन्ही पक्षांना एकमेकांविरुद्ध नवे हत्यार मिळाले. ३१ मे रोजी हैदराबादच्या हायटेक्स प्रदर्शन केंद्रात थायलंडची ओपल सुचाता चुआंगश्री विजेती ठरली.