लिनक्स आहे म्हणून दुकानातला लॅपटॉप सुरक्षित? नाही

‘लिनक्सला व्हायरस लागत नाही, दुकानदारानं टाकून दिलेली सिस्टीम बिनधास्त वापरा’ हा समज आर्वी-पुसदकडे जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी आधी सोडावा. लिनक्स ही विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम; खरा प्रश्न ती कुठून आणली आणि कोणी टाकली हा आहे. २० फेब्रुवारी २०१६ ला ‘लिनक्स मिंट’ या लिनक्सच्या एका प्रकाराची वेबसाइट फोडून त्याच्या खऱ्या १७.३ सिनॅमन आवृत्तीऐवजी चोरवाट असलेली आयएसओ फाइल (जिच्यावरून सिस्टीम टाकतात ती) लोकांच्या गळी उतरवली गेली होती.

ज्याच्या हाती रूटचा, म्हणजे सिस्टीमवर काहीही करायचा, अधिकार होता, तो जादा खातं किंवा नेटवरून दुरून शिरायची एसएसएच किल्ली (पासवर्डऐवजी चालणारी फाइल) ठेवून जाऊ शकतो. तुमचा पासवर्ड बदलून ती जात नाही. ‘डेबसम्स’ हे तपासणीचं साधन बदललेल्या फाइली दाखवतं, पण बिघडवलेल्या सिस्टीमवर त्याचंही उत्तर खोटं असू शकतं.

म्हणून सिस्टीम नव्यानं टाकाच. मिंटची आयएसओ सुमारे ३ जीबीची. गावात रेंज नसेल तर तालुक्याला दुसऱ्या, विश्वासातल्या कॉम्प्युटरवर उतरवा. तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइलच्या बोटाच्या ठशासारखा) वेबसाइटवर दिलेल्या आकड्याशी जुळवा, आणि त्या आकड्यांच्या फाइलवरची जीपीजी सही, म्हणजे बनवणाऱ्यांची डिजिटल सही, हीही तपासा. वेबसाइटच फुटली असेल तर आकडाही बदललेला असतो, त्यामुळे सही तपासायची किल्ली आधीच, वेगळ्या ठिकाणाहून पडताळलेली हवी. मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून टाकताना ‘इरेज डिस्क’ निवडा. डिस्कवरचं सगळं जातं, सातबारा-पीकविम्याचे कागद आधी बाजूला काढा.