पोलिओने घडवलेली शाळा

भारतातली पहिली फिजिओथेरपी शाळा 1952-53 च्या सुमारास परळच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली. सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी ती मिळून उभी केली. निकड होती पोलिओची. साल्क यांची लस आली 1955 मध्ये, आणि लुळ्या पडलेल्या पायावर तर तिचाही उपयोग नव्हता. फातेमा इस्माईल यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी मुंबईत 1947 मध्येच दवाखाना काढला होता. तुटवडा होता तो शिकलेल्या हातांचा.

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मारतो. मेलेली पेशी परत येत नाही. पण वाचलेल्या पेशी नवे फाटे फोडून शेजारच्या पोरक्या स्नायुतंतूंचा ताबा घेतात, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत ताकद थोडीफार परतते. कोणत्या स्नायूत किती ताकद उरली आहे, हे हाताने तपासून 0 (काहीच हालचाल नाही) ते 5 (पूर्ण ताकद) असा ग्रेड द्यायचा असतो.

मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स घ्या. मुलाला टेबलाच्या कडेला बसवून गुडघा सरळ करायला सांगतात. पाय पूर्ण सरळ झाला, पण हाताचा दाब जराही सोसला नाही, तर ग्रेड 3. अजिबात उचलला गेला नाही, तर मुलाला कुशीवर झोपवून पाय खालून तोलून धरायचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा अडथळा उरत नाही. असा सरळ झाला तर 2. नुसती थरथर बोटांना जाणवली तर 1. चूक इथेच होते: मूल मागे रेलते किंवा मांडी आत वळवते, गुडघा सरळ झाल्यासारखा दिसतो आणि ग्रेड फुकटचा वाढतो. तपासणाऱ्याचा एक हात मांडीवर पक्का हवा, तो त्यासाठीच.

ग्रेड चुकला की उपचारही चुकतो. ग्रेड 2 च्या स्नायूला वजन उचलायला लावले तर तो थकतो आणि शेजारचे स्नायू त्याचे काम पळवतात. अशा पायाला झोळीत टांगून व्यायाम देतात. नडगीपुढचा स्नायू लुळा आणि पोटरी शाबूत असेल, तर टाच वर ओढली जाते. अंथरुणात पांघरुणाचे वजनही चवडा खाली दाबते. म्हणून पहिल्या दिवसांपासून पाऊल काटकोनात ठेवणारी फळी लागते. ती टाळली तर पुढे टाचेची शीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा, लांब करण्याच्या शस्त्रक्रियेची पाळी येते.

देशातला शेवटचा नैसर्गिक पोलिओ रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात आढळला. ग्रेड मात्र अजूनही शिकवतात, आणि ते योग्यच आहे. फक्त पक्षाघातात ते जपून वापरावे लागतात. तिथे खांदा उचलायला सांगितला की कोपर आणि बोटेही एकदम आखडतात. स्नायू सुटा काम करतच नाही, त्यामुळे अशा हाताला दिलेला 3 काहीच सांगत नाही. तिथे आधी ताठरपणा मोजतात: मॉडिफाइड ॲशवर्थ श्रेणीत 0 ते 4, आणि मध्ये एक 1+.