श्वेतपेशी विभेदक गणना

रक्ताचा पातळ लेप काचपट्टीवर पसरून, तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली श्वेतपेशींची प्रकारवार मोजदाद करण्याची पद्धत. प्रयोगशाळेत तिला ‘डीएलसी’ (डिफरन्शिअल ल्युकोसाइट काउंट) किंवा नुसते ‘डिफरन्शिअल’ म्हणतात. सामान्यतः १०० पेशी मोजून पाच प्रकारांचे प्रमाण टक्क्यांत देतात. निरोगी प्रौढात न्यूट्रोफिल सुमारे ४०–७५, लिंफोसाइट २०–४५, मोनोसाइट २–१०, इओसिनोफिल १–६ व बेसोफिल ०–१ टक्के असतात. तान्ह्या मुलांत लिंफोसाइट अधिक असतात आणि साधारण चार-पाच वर्षांच्या सुमारास हे प्रमाण पालटते.

इतिहास : कणिकायुक्त श्वेतपेशी व्हॉर्टन जोन्स (१८४६) आणि माक्स शुल्ट्से (१८६५) यांनी रंग न देताच ओळखल्या होत्या. परंतु वर्गीकरणाला रासायनिक पाया मिळाला तो पॉल एर्लिख यांच्या १८७९ पासूनच्या कामामुळे. कोणती कणिका आम्लधर्मी रंजक घेते व कोणती क्षारधर्मी, यावर त्यांनी भेद केला. इओसिनोफिल व बेसोफिल ही नावे त्यातूनच रूढ झाली.

आज वापरात असलेल्या रंजकांचे मूळ मात्र वादग्रस्त आहे. मिथिलीन ब्ल्यू व इओसीन यांचे मिश्रण चेन्झिन्स्की यांनी १८८८ च्या सुमारास वापरले होते, पण त्यातून दोन मूळ रंगांपलीकडे फारसे काही मिळत नव्हते. मलेरियाच्या परजीवीचे केंद्रक जांभळे दाखवणारा परिणाम रशियन वैद्य दिमित्री रोमानोव्स्की यांनी १८९०–९१ मध्ये वर्णिला व त्यांचेच नाव या रंजककुलाला मिळाले. ब्रेस्लाऊ येथील एर्न्स्ट मालाखोव्स्की यांनीही १८९१ मध्येच स्वतंत्रपणे हा परिणाम मिळवला. रोमानोव्स्की यांची भिस्त बुरशी धरलेल्या जुन्या द्रावणावर होती. मालाखोव्स्की यांनी बोरॅक्स घालून मिथिलीन ब्ल्यू हेतुपुरस्सर बदलला. जांभळा रंग येतो तो मिथिलीन ब्ल्यूच्या ऑक्सिडीकरणातून तयार होणाऱ्या ॲझुर बी या घटकाचा इओसीनशी संयोग झाल्यामुळे. हे लक्षात घेता मालाखोव्स्की यांचा वाटा आजवर मानला गेला त्याहून मोठा धरणे अधिक न्याय्य वाटते. काही अभ्यासक मात्र प्रथम प्रसिद्धीच्या आधारे रोमानोव्स्की यांनाच श्रेय देतात.

पुढचे टप्पे निर्विवाद आहेत. जेनर (१८९९) यांनी रंजकाचा अवक्षेप मिथेनॉलमध्ये विरघळवला. भारतात काही वर्षे लष्करी सेवेत असलेल्या विल्यम लिशमन यांनी १९०१ मध्ये, राइट यांनी १९०२ मध्ये व गिम्झा यांनी १९०४ मध्ये आपापली रूपे मांडली. मिथेनॉलमुळे लेप स्थिर करणे व रंगवणे एकाच द्रावणात साधले. भारतातील प्रयोगशाळांत लिशमनचे रंजक आजही सर्रास वापरले जाते.

कृती : काचपट्टीवरचा थेंब दुसऱ्या पट्टीने सुमारे ३०–४५ अंशांच्या कोनात ओढतात. लेप जिभेच्या आकाराचा, टोकाशी विरळ होत जाणारा हवा. तो हवेत वाळवून त्यावर लिशमन रंजक ओततात, एक-दोन मिनिटांनी त्याच्या दुप्पट, पीएच ६.८ चे बफरयुक्त पाणी मिसळतात व सात ते दहा मिनिटांनी धुतात. पाणी आम्लाकडे झुकले तर केंद्रके फिकट पडतात. क्षाराकडे झुकले तर तांबड्या पेशी निळसर-करड्या दिसतात, इओसिनोफिलच्या नारिंगी कणिका काळवंडतात आणि न्यूट्रोफिलच्या कणिका इतक्या गडद होतात की तीव्र संसर्गातील विषजन्य बदलाचा भास होतो. मिथेनॉलमध्ये पाण्याचा अंश असल्यास तांबड्या पेशींत चकाकणारे ठिपके उमटतात.

मोजणी कोठे करावी याला मोठे महत्त्व आहे. लेप ओढताना मोनोसाइट व न्यूट्रोफिल यांसारख्या मोठ्या पेशी कडांकडे व टोकाकडे ढकलल्या जातात, तर लिंफोसाइट मध्यभागी अधिक राहतात. म्हणून तांबड्या पेशी जेमतेम एकमेकींना टेकतात त्या भागात, कडेपासून आत आणि आतून पुन्हा कडेकडे अशा नागमोडी वळणाने क्षेत्रे पाहतात. केवळ टोकाकडे पाहणाऱ्याचा निष्कर्ष हमखास चुकतो.

अचूकता : मोजणाऱ्याचा हात कितीही बसलेला असला तरी नमुन्याच्या आकाराची मर्यादा सुटत नाही. १०० पैकी १० पेशी एका प्रकारच्या आढळल्या, तर ९५ टक्के विश्वासाने खरे प्रमाण सुमारे ५ ते १८ टक्क्यांच्या दरम्यान असते. ५०० पैकी ५० आढळल्यास ही कक्षा साधारण ७.५ ते १३ पर्यंत आवळते. इओसिनोफिल काल ४ व आज ७ टक्के आल्यास तो बदल खरा मानण्यास १०० पेशींची मोजणी अपुरी आहे. बेसोफिलांबाबत तर ती जवळजवळ निरुपयोगी. तुलनेसाठीच्या मानक पद्धतीत दोन तपासनीसांनी प्रत्येकी २०० पेशी मोजाव्यात असे म्हटले आहे.

टक्केवारी एकटी फसवी ठरते. एकूण श्वेतपेशी घन मिलीमीटरमागे २,००० आणि लिंफोसाइट ६० टक्के असतील, तर लिंफोसाइट प्रत्यक्षात १,२००, म्हणजे वाढलेल्या नव्हेतच. उलट न्यूट्रोफिल ३० टक्के, म्हणजे अवघ्या ६०० असणे हीच गंभीर बाब. अहवालात निरपेक्ष संख्या दिलीच पाहिजे.

केंद्रकयुक्त तांबड्या पेशी वेगळ्या मोजतात, कारण एकूण संख्येत त्या श्वेतपेशी म्हणून शिरतात. १०० श्वेतपेशींमागे अशा २५ आढळल्यास २०,००० ही एकूण संख्या १६,००० अशी दुरुस्त करतात.

स्वयंचलित यंत्रे हजारो पेशी मोजत असल्याने नेहमीच्या नमुन्यांत त्यांची अचूकता हातमोजणीपेक्षा चांगली असते. अपक्व वा ब्लास्ट (वाढीच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेतील) पेशींची शंका आली की यंत्र इशारा देते व लेप डोळ्यांनी पाहिला जातो.