लेगगार्ड नेमका कुणाला वाचवतो?

जुलैतल्या एका सकाळी सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत माझी रॉयल एनफील्डची हिमालयन ४५० मोटारसायकल आडवी पडलेली सापडली. कुणी धक्का दिला नव्हता. रात्रभर पाऊस झाला होता, साइड स्टँडचा तळहाताहून लहान तुकडा चिखलात हळूहळू रुतत गेला आणि पहाटे कधीतरी गाडी डावीकडे कलंडली. नेमकी तिथे बांधकामातून उरलेली खडी पडली होती. दोघांनी मिळून गाडी उभी केली. इंजिनच्या बाजूंना बसवलेल्या इंजिन गार्डचा, म्हणजे आपल्याकडच्या लेगगार्डचा, पाइप दोन बोटं आत दबला होता, पण त्याच्या मागच्या इंजिन कव्हरवर ओरखडासुद्धा नव्हता. उचलायला हात लावणारे शेजारचे काका म्हणाले, "कसला हलका लेगगार्ड दिलाय हा! गाडी जागेवर पडली तरी वाकला."

काकांची अर्धी हयात जुन्या बुलेटवर गेली. त्या गाडीचा लेगगार्ड म्हणजे जाडजूड लोखंड, आपटला तर फरशी फुटेल असा. त्यामुळे त्यांचं म्हणणं मला समजलं. पटलं मात्र नाही.

हिशेब करून बघू. टाकीत पेट्रोल धरून ही गाडी १९६ किलोची. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या थोडा वर असतो असं धरू. उभी गाडी गार्डवर टेकेपर्यंत कलली की तो साधारण ३० सेंटिमीटर खाली येतो. १९६ गुणिले ९.८ गुणिले ०.३, म्हणजे सुमारे ५७५ जूल ऊर्जा. सिमेंटची ५० किलोची गोणी छातीच्या उंचीवरून, जवळजवळ १२० सेंटिमीटरवरून, सोडली तर ती जमिनीवर आपटताना एवढीच ऊर्जा असते. गाडी नुसती पडली म्हणजे गोणीच पडली. चालत्या गाडीचा वेग यात अजून धरलेलाच नाही.

ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी, आणि ती किती अंतरात जिरते यावर बलाचा आकडा ठरतो. समजा सगळी गार्डनेच झेलली आणि तो ४ सेंटिमीटर दबला, तर सरासरी बल सुमारे दीड टन वजनाइतकं येतं. तोच गार्ड इतका ताठ असता की जेमतेम १ सेंटिमीटर दबला असता, तर सहा टनांच्या जवळपास. प्रत्यक्षात थोडा वाटा हँडलबार उचलतो, थोडा चिखल उचलतो, त्यामुळे आकडे खाली येतात. प्रमाण मात्र तेच राहतं. माझा गार्ड वाकला तो अशक्त होता म्हणून नाही. वाकत वाकत त्याने ती गोणी झेलली.

इंजिनच्या कव्हरला हे जमत नाही. ते साच्यात ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं. हलकं, उष्णता पटकन बाहेर टाकणारं, आणि ताणाच्या बाबतीत हट्टी. साधं पोलाद तुटण्याआधी स्वतःच्या लांबीच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ताणलं जाऊ शकतं. अशा ओतीव ॲल्युमिनियमला थोड्याच टक्क्यांत तडा जातो. टोकदार दगड लागला की कव्हर फुटतं, ऑइल सांडतं, आणि गाडी स्पितीत असेल तर पुढचा प्रवास ट्रकच्या हौद्यातून. बीएमडब्ल्यूने १९८० मध्ये आणलेल्या आर ८० जी/एस या गाडीत तर दोन्ही सिलिंडर डाव्या-उजव्या बाजूंना कानांसारखे बाहेर आलेले आहेत. तशा गाडीवर गार्ड बसवणं ही हौस राहत नाही. हिमालयनचं इंजिन त्यामानाने आत दडलेलं, पण पाण्याने थंड होणारं असल्यामुळे पुढे रेडिएटर आहे, आणि त्याचे पत्रे तर बोटानेही वाकतात.

मग पाइपच का? भरीव सळई का नको? बांबूला विचारा. २५ मिलिमीटर व्यासाच्या, २ मिलिमीटर जाडीच्या पाइपमध्ये मीटरमागे सव्वा किलोहून थोडं कमी पोलाद असतं. तेवढ्याच पोलादाची भरीव सळई केली तर ती साडेतेरा मिलिमीटर व्यासाची होईल. वाकण्याला विरोध करताना मात्र पाइप त्या सळईच्या जवळजवळ सहापट ताठ भरतो, कारण वाकवताना खरा ताण बाहेरच्या थरांवर येतो, मधलं पोलाद बहुतेक आराम करत असतं. पाइपचा तोटा एकच. एका जागी चेपला की त्या जागी तो गोल राहत नाही आणि सगळा ताठपणा तिथे संपतो. म्हणून गॅस लावून, ठोकून 'सरळ करून देतो' म्हणणाऱ्या मिस्त्रीला मी हात जोडतो. वाकलेला गार्ड म्हणजे उडालेला फ्यूज.

पाइपबद्दल लोक तासन्‌तास बोलतात. बोल्टबद्दल कुणीच बोलत नाही, आणि माझ्या मते अर्धं विज्ञान तिथेच आहे. गार्ड हवेत तरंगत नाही, त्याने झेललेला धक्का बोल्टमधूनच पुढे जातो. गार्डचं बाहेरचं टोक बोल्टांपासून ३० सेंटिमीटर दूर असेल आणि दोन बोल्टांत १० सेंटिमीटरच अंतर असेल, तर टोकावरचा एक टन बोल्टपाशी तीन टन होऊन पोचतो. तुम्ही गाडीला स्वतःच्या हाताने एक पहार लावून ठेवलेली असते. हिमालयन ४५० सारख्या गाड्यांत इंजिन हाच सांगाड्याचा भार पेलणारा भाग असतो, त्यामुळे ही पहार इंजिन जिथे चेसिसला धरलेलं असतं त्या कानांवरच जोर लावू शकते. गार्ड फारच ताठ आणि एकाच जागी बांधलेला असेल तर कव्हर वाचून इंजिनचा कानच तुटायचा. कव्हर बदलता येतं. तुटलेला कान म्हणजे अख्खं क्रँककेस, इंजिनचं मुख्य कवचच, बदलणं. चांगला गार्ड म्हणूनच एकमेकांपासून लांब असलेल्या तीन-चार जागी धरलेला असतो आणि डाव्या-उजव्या भागांना जोडणारा आडवा पाइप त्याला असतो, म्हणजे एका बाजूचा धक्का दुसरी बाजूही वाटून घेते.

नवा गार्ड बसवायला काकाच मदतीला आले. बोल्टच्या माथ्यावर ८.८ असं कोरलेलं बघून त्यांनी विचारलं, हा काय साइज? साइज नव्हे, दर्जा. पहिला ८ म्हणजे त्या पोलादाची तुटण्याची ताकद ८०० मेगापास्कल, आणि पुढचा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० मेगापास्कलला, ते कायमचं ताणलं जायला लागतं. नाक्यावरच्या दुकानातून आकडा नसलेला बोल्ट आणून इथे घालू नये.

आपण पाना फिरवतो तेव्हा बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो. ८ मिलिमीटरच्या बोल्टला २५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, दिला तर तो दोन्ही भागांना साधारण दीड टनाने एकमेकांवर दाबून धरतो. गार्ड जागेवर राहतो तो या दाबामुळे होणाऱ्या घर्षणाने. बोल्टची दांडी आडवी येते म्हणून नव्हे. आपल्या हाताच्या जोराचा जेमतेम दहावा हिस्सा हा ताण आणण्यात जातो, बाकी सगळा माथ्याखालचं आणि आट्यांमधलं घर्षण खाऊन टाकतं. आट्यांना तेल असेल तर घर्षण कमी होतं आणि तोच टॉर्क देऊनही ताण एक तृतीयांशाने जास्त चढू शकतो. गाडीच्या पुस्तकातला आकडा बहुधा कोरड्या आट्यांसाठी असतो. ॲल्युमिनियममध्ये कापलेले आटे अशा वेळी लोण्यासारखे निघून येतात.

बोल्ट ढिले का होतात हे गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये यंत्रावर दाखवलं. उभ्या धक्क्यांपेक्षा आडवी हालचाल बोल्टची मोठी शत्रू. जोडलेले भाग केसभर जरी डावी-उजवीकडे सरकत राहिले, तरी आट्यांमधलं घर्षण क्षणभर सुटतं आणि बोल्ट आपोआप मागे फिरतो. एकाच सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर सेकंदाला शंभर वेळा हादरतं. दिवसभरात किती, तो गुणाकार तुम्हीच करा. थ्रेडलॉकरचे, म्हणजे आटे चिकटवून धरणाऱ्या द्रवाचे, दोन थेंब मदत करतात, पण पहिला उपाय पुरेसा ताण हाच.

प्रत्यक्ष काम तासाभराचं. गाडी सरळ उभी धरली, बॅश प्लेटखाली, म्हणजे इंजिनच्या पोटाखालच्या पत्र्याखाली, लाकडी ठोकळा घालून जॅकचा हलका आधार दिला, आणि गार्ड ज्यांच्यावर बसतो ते इंजिनचे बोल्ट एका वेळी एकेकच काढले. दोन काढले की इंजिन केसभर खाली बसतं आणि मग भोकं जुळत नाहीत. शेवटच्या भोकाशी अडलंच. काकांनी हातोडी उचलली. मी त्यांना थांबवलं, सगळे बोल्ट दोन-दोन फेरे सैल केले, गार्ड जरा हलवला आणि तो बोल्ट बोटानेच आत गेला. ठोकून बसवलेला गार्ड जन्मभर ताणात राहतो, आणि तो ताण हादऱ्यांबरोबर वेल्डिंगच्या कडेला तडा शोधत बसतो.

हात पुसताना काका म्हणाले, "चला, आता तुझे पाय सुरक्षित." इथे मात्र मला त्यांना नाही म्हणावं लागलं. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. १९८१ च्या त्यांच्या अहवालात असं दिसतं की गार्डमुळे घोट्याच्या आणि पावलाच्या जखमा कमी झाल्या, पण मांडी, गुडघा आणि नडगीच्या तेवढ्याच वाढल्या. एकूण फायदा शून्य. पाय वाचवायचे तर बूट आणि नी-गार्ड. लेगगार्ड हे नाव आपल्याकडे रुळलंय खरं, पण त्यातला लेग इंजिनचा आहे.

दोनशे किलोमीटरनंतर टॉर्क पाना पुन्हा लावला. चारपैकी दोन बोल्ट किंचित फिरले. गार्डवरच्या पावडर कोटिंगचा, म्हणजे रंगाचा, थर दाबाखाली बसला की असं होतं. बाकी गाडीत काही बदल नाही. फक्त साइड स्टँडखाली घालायला फळीचा एक तुकडा आता डिकीत असतो. तो काकांनीच कापून दिलाय.